खान्देशात घराचा विचार छतापासून व्हायला हवा

मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव, धुळे, भुसावळ या पट्ट्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सरळ उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास राहतो, त्यामुळे हे दरवर्षी ठरलेलं आहे. शाळांमधून आता 'शून्य सावली दिवस' म्हणून मुलांना ते दाखवतात. घर बांधणाऱ्यानं मात्र या दिवसातून एक गोष्ट ओळखायला हवी. ज्या महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या घरात जातो, त्याच महिन्यात सूर्य डोक्यावर असतो आणि उन्हाचा मुख्य मारा छतावर होतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळपास लागतच नाही. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पश्चिमेची दुपार कलल्यावर. छत मात्र सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत तापतच राहतं.

आणि सगळ्यात कमी विचार आपण छताचाच करतो. प्लॉट घेतला की पहिली चर्चा एलिव्हेशनची. समोरून घर कसं दिसेल याची दहा चित्रं मोबाईलवर फिरतात. मग फरशी, स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, मुख्य दरवाजा, रंग. छताची वेळ येते तेव्हा प्रश्न दोनच असतात : सिमेंटच्या गोण्या किती आणि सळई किती. पुढं ते गळू नये म्हणून वॉटरप्रूफिंग. खान्देशात पाऊस वर्षाकाठी जेमतेम ६००-७०० मिलिमीटर पडतो, त्याच्यासाठी आपण छताची इतकी काळजी घेतो. मार्चपासून जूनपर्यंत जे ऊन रोज पडतं, त्याच्यासाठी काहीच नाही. टिकाऊ, पर्यावरणस्नेही, अभिनव वास्तुरचना यांविषयी सध्या पुष्कळ बोललं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की खान्देशात त्या बोलण्याची सुरुवात छतापासून व्हायला हवी. मे महिन्यात, वीज गेलेली असताना, दुपारी तीन वाजता आणि रात्री दहा वाजता आतली माणसं कशी बसली-झोपली आहेत, ही इथल्या कुठल्याही इमारतीची पहिली परीक्षा मानायला हवी. शाळा असो, घरकुल असो की बंगला.

पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता आत उतरायला काही तास लागतात. दुपारी दोन-तीनचं ऊन खालच्या बाजूला पोचतं ते संध्याकाळी. सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा निवायला लागते, आपल्या कोरड्या मुलखात तर ती चांगलीच निवते, आणि नेमकं तेव्हाच घर आतून तापायला सुरुवात होते. रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून पाहावा, चटकन काढून घ्यावा लागतो. पंखा लावला की छताखाली साचलेली गरम हवाच अंगावर येते. लोक बाज घेऊन गच्चीवर जातात, तर तिथला कोबाही तापलेला. मग बादल्या भरभरून पाणी ओतायचं. ज्या गावांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तिथं हे पाणी छत गार करायला जातं. कूलर हे आपल्याकडचं खरं वरदान आहे, कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण तोही पाणी मागतो आणि वीजही. उष्णतेचा त्रास दुपारी बाहेर फिरणाऱ्याला होतो अशी आपली समजूत असते. डॉक्टर वेगळं सांगतात : रात्री शरीराला निवायला वेळ मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचं ऊन जास्त बाधतं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि चुलीपुढं-गॅसपुढं उभ्या असणाऱ्या बाया यांच्यावर त्याचा भार आधी पडतो.

आपल्या भागातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. सागाचे सर म्हणजे जाड तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा चिपा, मग काड्या आणि पाल्याचा थर, त्यावर हातभर मातीचा थर आणि सगळ्यात वर खारी माती. पावसाळा तोंडावर आला की धाब्यावर खारी टाकणं हे वर्षाचं ठरलेलं काम. ही माती पाण्यानं फुगून आपली भोकं आपणच बुजवते, म्हणून ती निवडलेली. भिंती दीड-दोन हात जाडीच्या, मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. इतक्या जाड मातीतून ऊन आत शिरायला दहा-बारा तास तरी लागतात, तोवर बाहेर पहाट झालेली असते आणि भिंत बाहेरच्या गारव्यात ती उष्णता सोडून देते. शिवाय गावठाणातली घरं एकमेकांना खेटून असत. दोन घरांत एक भिंत, म्हणजे दोन बाजू उन्हापासून आपोआप सुटलेल्या. धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत हे अजूनही दिसतं. आज एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉटवरचं सुटं घर चारही बाजूंनी उन्हात उभं असतं आणि त्याच्या भिंती जेमतेम नऊ इंची, कधी तर चार इंची.

हे वाचून कुणाला वाटेल की मी धाब्याकडं परत चला म्हणतोय. तसं मुळीच नाही. धाब्याच्या घरात ज्यांनी दिवस काढले त्यांना त्याचे हाल माहीत आहेत. एकदा पावसाची झड लागली की ठिकठिकाणी भांडी मांडून बसायचं. भिंतीत विंचू, सरांच्या फटीत साप. आतल्या खोल्यांत दिवसाही अंधार, चुलीचा धूर कोंडलेला. दर आठवड्याला सारवण, दर वर्षी लिपण, आणि हे सगळं काम बायांच्या माथी. जाड भिंतींचा, सागाच्या खांबांचा वाडा हा गावातल्या मोजक्या घरांचा होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीत झोपडीच होती आणि ती तेव्हाही तापत होती, गळत होती. ज्या घरातल्या बाईनं तीस वर्षं सारवलं, तिला गुळगुळीत फरशी आणि न गळणारं छत हवंसं वाटणं यात काही चूक नाही. आमच्या भागातले मिस्त्री ठामपणे सांगतात, "घर ते स्लॅबनंच जोयजे, भाऊ!" (घर स्लॅबचंच पाहिजे). त्यामागं हा सगळा अनुभव आहे. उद्या मुलाचं लग्न झालं तर वर मजला चढवता येतो. पापड, कुरडया, बिबड्या, मिरची वाळवायला गच्ची लागते. या गरजा खऱ्या आहेत आणि स्लॅब त्या भागवतो.

म्हणून माझा वाद स्लॅबशी नाही, उघड्या स्लॅबशी आहे. स्लॅब टाकून काम संपलं असं आपण समजतो, तिथं चूक होते.

केंद्र सरकारनं २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता काढली. तिच्यात छताला एक मर्यादा घातली आहे : आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता जाता कामा नये. आपल्या नेहमीच्या उघड्या स्लॅबचा हा आकडा त्याच्या जवळपास तिप्पट भरतो. आपल्या जिल्ह्यांत बांधलेल्या किती घरांना ही मर्यादा सांगून तरी बांधलं गेलं? संहिता मोठ्या प्रकल्पांचा विचार करून लिहिलेली आहे, लहान घरापर्यंत ती पोचलेलीच नाही. उन्हाला मात्र लहान-मोठं कळत नाही.

छतातून येणारी उष्णता अडवायला परदेशी यंत्रं लागत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांदो नावाचं गाव आहे. तिथलं ऊन आपल्याइतकंच कडक. त्या गावचा मुलगा फ्रान्सिस केरे जर्मनीत वास्तुकला शिकला आणि शिकता शिकताच गावासाठी प्राथमिक शाळा बांधली, ती २००१ मध्ये पूर्ण झाली. भिंती तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांच्या. वर्गावर विटांचं सच्छिद्र छत, आणि त्याच्या वर, बरीच जागा सोडून, सळयांच्या सांगाड्यावर उचललेला पत्रा. पत्रा ऊन अंगावर घेतो, वर्गातली गरम हवा छतातून वर निघते आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती वाहून नेतो. बांधकाम गावकऱ्यांनी केलं. या शाळेला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च समजला जाणारा प्रिट्झकर. आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांवर तोच पत्रा आहे. फरक असा की आपण तो थेट मुलांच्या डोक्यावर ठोकतो, आणि मग मार्च लागला की सकाळची शाळा करतो.

स्लॅबच टाकायचा असेल तरी त्यात सुधारणा आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमध्ये आयुष्यभर गरिबांना परवडणारी घरं बांधली. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण पेलत नाही, तो ताण सळई पेलते. ते काँक्रीट फक्त सळईला धरून ठेवतं. मग सळयांच्या मधल्या जागेत बेकर कौलं बसवत. काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो आणि दोन कौलांमध्ये कोंडलेली हवा उष्णता अडवते. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची त्यांची पद्धतही अशीच : साधारण पाव हिस्सा विटा कमी लागतात आणि भिंतीच्या पोटात हवेचा पडदा तयार होतो. आपल्याकडच्या गवंड्याला हे दोन दिवसांत शिकता येईल. न शिकण्याचं कारण कौशल्य नाही. त्याला कुणी विचारलेलं नाही, हे कारण आहे.

ज्याचं घर बांधून झालंय त्याच्यासाठी चुना आहे. जुनं, काळवंडलेलं काँक्रीट ऊन पिऊन घेतं, पांढरं छत त्यातला बराच मोठा भाग आल्या वाटेनं परतवतं. आपल्याकडं धूळ फार, वावटळी उठतात, म्हणून चुना दर वर्षी उन्हाळ्याआधी पुन्हा लावावा लागतो. ज्याला जमेल त्यानं गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून घ्यावेत, ते धुतले की पुन्हा पांढरे होतात. दुसरा उपाय सावलीचा. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून छतावर सोलर बसवण्यासाठी ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पॅनल छताला चिकटवून न बसवता माणूस खालून जाईल इतक्या उंच सांगाड्यावर बसवले, तर वीज मिळतेच आणि स्लॅबवर सावलीही पडते. खाली पापड वाळणार नाहीत ही अडचण आहे, म्हणून निम्मी गच्ची मोकळी ठेवावी. अशा तपशिलांवर घरातल्या बाईचं मत आधी घ्यावं असं मला फार वाटतं, कारण गच्ची वापरते ती.

अभिनव रचना म्हणजे काचेची दर्शनी बाजू, हे समीकरण आपल्या शहरांत कुठून आलं कोण जाणे. रस्त्यालगतच्या नव्या कॉम्प्लेक्सवर अॅल्युमिनियमचे पत्रे आणि निळसर काचा चढतात, त्याही बऱ्याचदा पश्चिमेला. ऊन आत शिरतं, बाहेर पडत नाही, मग आत एसी लागतो आणि त्याची गरम हवा रस्त्यावर. चालणाऱ्याला, भाजी विकणाऱ्याला, रिक्षावाल्याला ती झळ सोसावी लागते. महामार्ग रुंद होताना कडेचे निंब गेले, तिथं पुन्हा सावली उभी राहायला पंचवीस वर्षं जातील. आपल्याच मुलखात खरी अभिनव कल्पना कशी असते त्याचा नमुना आहे. बऱ्हाणपूर, फारुकी राजवटीतली खान्देशची राजधानी, आज मध्य प्रदेशात आहे. तिथं १६१५च्या सुमारास मोगल अमदानीत कुंडी भंडारा खोदला गेला. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यानं शहरापर्यंत आणलेलं, वर शंभरावर कुंड्या, कुठंही उपसा नाही, सगळं नुसत्या उतारावर. विचार इराणी पद्धतीचा होता, पण तो इथला डोंगर आणि इथला उतार नीट पाहून उतरवला होता. बाहेरून घ्यायला हरकत नाही, घेताना आपलं ऊन, आपली माती विचारात घेतली पाहिजे.

मातीचं एक सांगायलाच हवं, कारण मातीच्या घरांचे चाहते शहरातून येतात आणि इथं आल्यावर फसतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्या विटा होत नाहीत, तिच्यावर उथळ पाया टिकत नाही. नव्या बंगल्यांच्या भिंतीला जे तिरपे तडे जातात त्यांचं मूळ बहुतेकदा इथं असतं. जुने लोक भिंतीला गावठाणातली पांढरी माती वापरत ते म्हणूनच. आज दाबलेल्या मातीच्या विटा करायच्या तर मुरूम आणि वाळूसर माती शोधावी लागेल, तपासून घ्यावी लागेल. काळ्या मातीतल्या पायांसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं खाली फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत कधीच विकसित केली आहे. भुसावळजवळ दीपनगरचं वीज केंद्र आहे, त्याची राख आहे. तिच्या विटा भट्टीच्या विटेला चांगला पर्याय आहेत आणि शेतातली सुपीक माती वाचवतात. पण वीट कुठलीही घ्या, छत उघडंच ठेवलं तर आतल्या माणसाला फरक पडत नाही.

गिरणेच्या वाळूचाही हिशेब यात धरावा लागेल. गिरणा, तापी, पांझरा यांची पात्रं आपल्या बांधकामांनी खरवडून काढली आहेत. वाळू गेली की पात्रात पाणी मुरत नाही, काठच्या विहिरी आटतात. जगात जितका कार्बन डायऑक्साइड सोडला जातो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा. काँक्रीट कमी लागेल असा प्रत्येक स्लॅब म्हणजे नदीला थोडा दिलासा, आणि ही गोष्ट पाटीवर हिरवं मानांकन लावण्यापेक्षा मला मोलाची वाटते.

घरकुलाचा प्रश्न यात सगळ्यात तातडीचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं. योजनेच्या चौकटीत पक्क्या घराची अट अशी आहे की साधी देखभाल केली तर ते किमान ३० वर्षं टिकावं. स्लॅबच हवा असं तिच्यात म्हटलेलं नाही. ग्रामविकास मंत्रालयानं वेगवेगळ्या राज्यांसाठी स्थानिक साहित्याचे नमुना आराखडेही काढले आहेत. तरी नंदुरबारच्या धडगावपासून जळगावच्या जामनेरपर्यंत एकच पेटी उभी राहते, कारण हप्ता सोडताना फोटोत जे दिसायला हवं ते त्याच पेटीत पटकन दिसतं. जनगणनेत मातीची भिंत कच्च्यात मोजली जाते, त्याचाही धाक असतो. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर पावरा आणि भिल्लांची कुडाची घरं आहेत : बांबूच्या विणलेल्या भिंती, वर शेणमातीचा लेप, उतरतं कौलारू छप्पर, बाजूला गुरांची जागा. त्यांच्या शेजारी घरकुल बांधलेलं असतं आणि मी पाहिलेल्या काही ठिकाणी उन्हाळ्यात त्यात धान्य आणि चारा होता, माणसं कुडाच्या घरात होती. ज्या कुटुंबानं मंजुरीसाठी इतके हेलपाटे घातले, त्याला असं घर देणं मला अन्यायाचं वाटतं. कुडाला पक्की जोती, वाळवीपासून राखलेला बांबू, चांगलं कौल आणि आत संडास-नळ मिळाला असता, तर तेच घर ३० वर्षं राहतं.

पैसे कुठून आणायचे, असं विचारलं जातं. सरकारी बांधकामात अडचण बहुतेकदा पैशाची नसते, इस्टिमेटची असते. दरसूचीतल्या, म्हणजे कामांच्या ठरलेल्या सरकारी दरांच्या यादीतल्या, कलमांतून इस्टिमेट होतं. वॉटरप्रूफिंगचं कलम त्यात येतं, उष्णता अडवण्याचं सहसा कुणी घेत नाही, आणि जे इस्टिमेटात नाही ते बिलात नाही. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणून सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केलं. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत मोठ्या भूखंडांवर पावसाचं पाणी अडवायची सक्ती आहे. तशीच सक्ती खान्देश, विदर्भ आणि मराठवाड्यात छताबद्दल करता येईल. शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र यांचं शेवटचं बिल छतावर उष्णतारोधक काम झाल्याशिवाय निघू नये. प्रत्येक शाळेत एका वर्गात तापमापक लावावा आणि दुपारचा आकडा मुलांनीच वहीत लिहावा. इमारत कशी बांधली याची दुसरी तपासणी लागणार नाही.

धोरण यायला वेळ लागेल, ग्रामपंचायतीला थांबायची गरज नाही. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या छताला चुना हे तिच्या हातातलं काम आहे, गावातलेच मजूर ते दोन दिवसांत करतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला तर फेब्रुवारीत काम उरकतं. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत विषय लांबला तर त्या वर्षीची मुलं तापलेल्या छताखाली परीक्षा देऊन घरी गेलेली असतात.